आधी मोजणी, मग मांडणी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



१५ सप्टेंबर आला की शाळेच्या फळ्यावर म्हैसुरी फेटा घातलेल्या एका करारी चेहऱ्याचं चित्र उमटतं. अभियंता दिन! मग भाषणं होतात आणि त्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक, सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावल्याची आणि दुसरी, आगगाडीच्या आवाजावरून रूळ तुटल्याचं ओळखल्याची. या गोष्टी तुम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की मी आज त्या सांगणार नाही. त्यातून प्रामाणिक आणि हुशार माणूस दिसतो, हे खरं. पण विश्वेश्वरय्यांनी जे खरोखर मोठं काम केलं, ते त्यातून दिसत नाही. त्यांनी एक अख्खा प्रदेश समोर घेतला, त्याची मोजदाद केली आणि ठरावीक वर्षांत हा प्रदेश कुठे पोचला पाहिजे हे कागदावर लिहून काढलं. आपल्याकडे ‘योजना’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी.

त्यांचं गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातलं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. ते लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवला. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. ते शाळकरी वयाचे असताना, १८७६ ते १८७८ या काळात, म्हैसूर संस्थानात भीषण दुष्काळ पडला होता. जवळजवळ दहा लाख माणसं गेली असं मानतात. म्हणजे पाच माणसांतला एक! हे ज्याच्या लहानपणी घडलं, त्याला पाणी ही गोष्ट केवळ गणिताच्या वहीतली राहणं शक्य नव्हतं.

म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमणूक झाली. धुळ्याकडच्या दातर्ती गावी पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणारी नळाची सायफन त्यांनी ऐन पावसाळ्यात पुरी केली. त्यानंतर सिंधमधलं सक्कर, सुरत आणि पुणे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्या सहवासात ते आले. या देशाचं दारिद्र्य फक्त शेतीच्या जोरावर हटणार नाही, कारखानदारी उभी राहिली पाहिजे, हे रानडे तेव्हा सगळ्यांना पटवून देत होते. तरुण विश्वेश्वरय्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं असणार, कारण पुढची साठ वर्षं त्यांनी तो धागा सोडला नाही.

खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे तुम्हांला माहीत आहेत. धरणाच्या सांडव्यावर त्यांनी असे दरवाजे बसवले की पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडून राहायचं आणि त्यावर चढलं की दरवाजे आपसूक उघडायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा सुमारे पावपट वाढला. या शोधाचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण मुंबई सरकारकडून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला मात्र त्यांची ब्लॉक पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. नीरा आणि मुठा कालव्यांवर काय चाललं होतं बघा. पाटाच्या मुखाकडचे शेतकरी ऊस लावायचे, हवं तितकं पाणी घ्यायचे. टेलच्या शेतकऱ्याकडे पाटकरी पोचेपर्यंत पाट कोरडा. (आजही कोणत्याही लाभक्षेत्रात जाऊन टेलच्या गावात विचारा, हीच कहाणी ऐकायला मिळेल. माझ्या वर्गातली अर्धी मुलं अशा गावांतून येतात.) विश्वेश्वरय्यांनी १८९९ च्या सुमारास सुचवलं की जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, गटाला पाण्याची हमी द्यायची, पण गटातल्या थोड्याच भागात ऊस, बाकीच्यात भात किंवा कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी ती आलटून पालटून घ्यायची. म्हणजे पाणी जास्त गावांना पुरेल आणि जमीनही खारवणार नाही. शेतकऱ्यांनी सुरुवातीला कडाडून विरोध केला. तो समजण्यासारखा होता, आपल्या शेतात काय लावायचं हे सरकारी माणूस कसा ठरवणार? विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, समजावलं, काही सवलती दिल्या. नियोजन म्हणजे नुसता नकाशा नव्हे, ज्याच्या शेतातून रेघ जाणार त्याच्याशी बोलावंही लागतं, हे ते इथे शिकले.

१८९८ साली ते रजा काढून जपानला गेले होते. ज्या देशानं तीस वर्षांपूर्वी कूस बदलली, तिथे आता कारखाने, जहाजं आणि सक्तीचं शिक्षण होतं. परत आल्यावर त्यांना एकच प्रश्न छळत राहिला असावा : त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. हैदराबादला मुसा नदीच्या महापुरानंतर काही काळ काम केलं. आणि १९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले.

आता मुख्य भागाकडे येऊ. १९११ च्या जनगणनेत म्हैसूरची लोकसंख्या होती सुमारे ५८ लाख. लिहिता-वाचता येणारे शंभरात सहा. बहुतेक सगळे शेतीवर आणि शेती पावसावर. त्यातून इंग्रज सरकारला दरवर्षी ३५ लाख रुपये खंडणी द्यायची. अशा प्रदेशाचा विकास कुठून सुरू करायचा? तुम्ही काय केलं असतं? शाळा काढल्या असत्या? कारखाना? धरण?

विश्वेश्वरय्यांनी सुरुवात केली ती माहिती गोळा करण्यापासून. त्यांच्या आग्रहावरून १९११ च्या जूनमध्ये म्हैसूर इकॉनॉमिक कॉन्फरन्स सुरू झाली. नाव परिषदेचं, पण आपल्याकडच्या परिषदांसारखं हारतुरे, भाषणं आणि जेवण असं तिचं स्वरूप नव्हतं. अधिकारी, शेतकरी, व्यापारी आणि शिकलेले लोक एकत्र बसवायचे, आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याची नोंद करायची, आणि मग काय करायचं ते ठरवायचं. तिच्या तीन समित्या : शेती, शिक्षण, आणि उद्योग-व्यापार. पुढे १९१२ मध्ये ते दिवाण झाले, तेव्हा हे काम जिल्हा आणि तालुका समित्यांपर्यंत गेलं. किती विहिरी, कोणते धंदे, कोणता माल बाहेर जातो, कोणता विकत आणावा लागतो, हे खालून वर कळू लागलं.

चंदनाचं उदाहरण घ्या. म्हैसूरचं चंदनाचं लाकूड लिलावात विकलं जायचं आणि बरंचसं जर्मनीला जायचं. तिथे त्याचं तेल निघायचं. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि ते गिऱ्हाईकच बंद झालं. लाकूड पडून राहिलं. संस्थानानं काय केलं? बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या रसायनशास्त्रज्ञांकडून तेल काढण्याचे प्रयोग करवले आणि १९१६ साली स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. मागोमाग साबणाचा. म्हैसूर सँडल साबण तुमच्या आजीच्या कपाटात असेल, तो त्याच साखळीतला. संकट आलं म्हणून कारखाना निघाला, असं म्हणता येईल. पण संकट आलं तेव्हा आपल्या जंगलात काय आहे, ते कुठे जातं आणि आपल्याकडे ते काम करू शकणारं कोण आहे, हे आधीच माहीत होतं. ते माहीत नसतं तर लाकूड नुसतं कुजलं असतं.

पैसा लागणार म्हणून १९१३ मध्ये बँक ऑफ मैसूर. माणसं लागणार म्हणून त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा, आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, जे संस्थानी मुलखातलं पहिलं विद्यापीठ. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत शाळांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास होती ती दहा हजारांच्या पुढे गेली.

या सगळ्याचा कणा मात्र कावेरी. कन्नंबाडीजवळ धरण बांधायचं, हे त्यांनी दिवाण होण्याआधीच मांडलं होतं. सुरुवातीला अर्थखात्याला ते अजिबात पटलं नाही. पहिल्या टप्प्याचाच खर्च सुमारे ८१ लाख, म्हणजे दोन वर्षांच्या खंडणीपेक्षा जास्त. आणि एवढं पाणी अडवून विकायचं कुणाला?

इथे त्यांची हुशारी बघा. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. खाणींना आणखी वीज हवी होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीजही कमी. विश्वेश्वरय्यांनी हिशोब मांडला : धरण दोन टप्प्यांत बांधू. पहिल्या टप्प्यात ८० फूट. त्यातलं पाणी बारमाही सोडून खाणींना जादा वीज देऊ, खाणवाले पैसे देतील. त्या उत्पन्नावर पुढचा टप्पा आणि कालवे. म्हणजे शेतकऱ्याच्या धरणाचा पहिला हप्ता सोन्याची खाण भरणार! १९११ च्या ऑक्टोबरात महाराज कृष्णराज वाडियार यांनी मंजुरी दिली आणि महिनाभरात काम सुरू झालं.

आता दुसरी अडचण. कावेरी पुढे मद्रास इलाख्यात जाते आणि मद्रास सरकारचाही तिच्यावर डोळा होता. त्यांनी हरकत घेतली. हिंदुस्थान सरकारनं परवानगी दिली ती फक्त छोट्या धरणाला. मग पाया किती रुंद घालायचा? ८० फुटी भिंतीचा पाया घातला तर पुढे भिंत कधीच वाढवता येणार नाही. १२४ फुटांचा घातला आणि पुढची परवानगी नाही मिळाली तर तेवढा पैसा मातीत. म्हैसूरनं मोठ्या धरणाचा पाया घातला, स्वतःच्या जोखमीवर. वर्गात हे सांगताना मी नेहमी थोडा थांबतो. परवानगी नसताना मोठा पाया घालणं हे धाडस की हट्ट? निकाल आपल्याला माहीत आहे म्हणून धाडस म्हणतो. १९१३ साली तो माहीत नव्हता.

खाणींना वीज द्यायची मुदत होती १९१५ चा जुलै. हिवतापानं मजूर आजारी पडत, पुरानं काम वाहून जाई, तरी दहा हजारांच्या आसपास माणसं कामावर होती. चुना आणि सुरखी वापरून भिंत उठली, सिमेंट परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं. मुदत पाळली गेली. लवादाचा निकाल १९१४ मध्ये म्हैसूरच्या बाजूनं लागला, पण मद्रासनं तो पुढे नेला आणि करार व्हायला १९२४ साल उजाडलं. धरण पूर्ण उंचीला पोचलं १९३१ च्या सुमारास. तेव्हा विश्वेश्वरय्यांना दिवाणपद सोडून बारा वर्षं उलटली होती. कालव्याचं पाणी मंड्याकडे गेलं ते मिर्झा इस्माईल दिवाण असताना. दुष्काळी मंड्यात ऊस उभा राहिला आणि १९३३ मध्ये साखर कारखाना निघाला.

आणि हेही सांगायला हवं : जुनं कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेलं. तिथलं वेणुगोपाल मंदिरही बुडालं. मोठा दुष्काळ पडून धरण आटलं की त्याचे दगड वर दिसायचे. आता ते हलवून काठावर पुन्हा उभारलं आहे. अनेक गावांना उठावं लागलं. मंड्याच्या उसाचा हिशोब मांडताना ही बाजू वहीत लिहायची राहून जाते.

विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद का सोडलं, हा भाग निबंधांत बहुधा गाळतात. मी गाळणार नाही. संस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचं प्रमाण फार मोठं होतं. बाकीचे समाज संघटित झाले आणि त्यांनी आपला वाटा मागितला. महाराजांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरयांचा जातीच्या आधारानं जागा राखण्याला विरोध होता. शाळा वाढवा, शिष्यवृत्त्या द्या, पण नेमणूक गुणांवरच, असं त्यांचं मत. मतभेद मिटला नाही आणि त्या वर्षाअखेर त्यांनी पद सोडलं.

याच बाबतीत आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सोळा वर्षं आधी, १९०२ मध्ये, निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या होत्या. दोघेही प्रदेश घडवायला निघालेले. राधानगरीचं धरण आणि कन्नंबाडीचं धरण जवळपास एकाच काळातली. पण शाहू महाराजांना दिसलेली गोष्ट विश्वेश्वरय्यांना दिसली नाही, असं मला वाटतं. शंभरात सहा शिकलेले असताना गुणांची शर्यत कुठल्या रेषेवरून सुरू होते, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही. गंमत बघा, मिलर समितीनं १९१९ मध्ये काय सुचवलं? सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागासलेल्या समाजांना मिळाव्यात. आकडा आणि मुदत! ही तर खास विश्वेश्वरय्यांचीच पद्धत. विहिरी मोजणारा, शाळा मोजणारा माणूस हा एक रकाना मोजायला मात्र तयार झाला नाही.

भद्रावतीच्या लोखंड कारखान्याबद्दल सांगितल्याशिवाय त्यांचं चरित्र पुरं होत नाही, कारण तिथे त्यांचा हिशोब चुकला होता. बाबा बुडन डोंगरात लोहखनिज होतं, मलनाडात जंगल होतं, पण दगडी कोळसा नव्हता. म्हणून लाकडाच्या कोळशावर लोखंड करायचं आणि लाकूड जाळताना निघणारा स्पिरिट, डांबर असा मालही विकायचा, असा बेत. कारखाना १९२३ च्या जानेवारीत सुरू झाला. पण महायुद्ध संपल्यावर लोखंडाचे भाव कोसळले होते. तोटा सुरू झाला आणि लोक त्याला पांढरा हत्ती म्हणू लागले. बेत आखणारा माणूस अशा वेळी काय करतो? बहुतेक जण पुढच्याकडे बोट दाखवतात. विश्वेश्वरय्या तेव्हा संस्थानच्या नोकरीतही नव्हते. तरी त्यांनी कारखान्याच्या मंडळाचं अध्यक्षपद घेतलं, खर्च छाटला, परदेशी तंत्रज्ञांच्या जागी आपली माणसं तयार केली आणि १९२९ पर्यंत तो सावरून दिला. या कामाचा त्यांना देय असलेला मोबदला पुढे बंगळूरच्या एका धंदेशिक्षण संस्थेसाठी लागला. १९३६ पासून भद्रावतीत पोलादही निघू लागलं.

सगळंच जमलं असं नाही. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, म्हणून भटकळला बंदर मिळवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. मोटारींच्या कारखान्यासाठी सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप-अमेरिका फिरून आले. त्यात त्यांच्याबरोबर उभे राहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. इंग्रज सरकारनं म्हैसूरला त्यात पडू दिलं नाही. शेवटी वालचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. बंगळूरला विमानांचा कारखाना आला तोही वालचंदांच्याच पुढाकारानं, १९४० मध्ये, संस्थानाच्या भागीदारीत.

१९३४ मध्ये त्यांचं ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ हे पुस्तक आलं. दहा वर्षांत देशाचं उत्पन्न दुप्पट करायचं, शेतीवरचा भार कमी करून उद्योगातली माणसं वाढवायची, असं उद्दिष्ट त्यात होतं. पहिली पंचवार्षिक योजना यायला तेव्हा सतरा वर्षं अवकाश होता.

१९५५ साली भारतरत्न मिळालं, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. त्या वयातही त्यांचा रोख खेड्यांकडे होता. आठ-दहा गावांचा गट करा, गटाची समिती निवडा, गावात वर्षाला किती धान्य पिकलं, किती माल तयार झाला ते लिहून ठेवा आणि काही वर्षांत ते किती वाढवणार याचा आकडा आधीच जाहीर करा, असा त्यांचा आग्रह असे. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले, तेव्हा वयाची शंभरी पार झाली होती. मुद्देनहळ्ळीत त्यांची समाधी आहे, शेजारी जुनं घर वस्तुसंग्रहालय म्हणून जपलं आहे.

आता गृहपाठ. आपल्या गावात किती विहिरी आहेत, त्यातल्या किती मार्चमध्ये आटतात, आणि गावातून बाहेर विकला जाणारा कोणता माल दुसरीकडे प्रक्रिया होऊन आपल्याच दुकानात परत येतो, याची यादी सोमवारी घेऊन या. चौथा रकाना तुम्ही ठरवा. घरच्यांना विचारलं तरी चालेल, पण आकडे अंदाजे नकोत.